थंड पाण्यातला गरम मासा

ब्लूफिन टूना धरायला भाड्याने मिळणाऱ्या चार्टर बोटीची जाहिरात बघितली की त्यात हमखास एक वाकलेला रॉड असतो आणि त्याला लटकलेला, तोंड वेडंवाकडं झालेला एक माणूस. ट्रिपचा गाभा म्हणजे हीच खेचाखेच, असा समज त्यातून होतो. मला ती खेचाखेच सगळ्यात कमी महत्त्वाची वाटते. या ट्रिपमध्ये जे काही अवघड, महागडं किंवा पटकन बिघडणारं असतं, ते जवळपास सगळं एका गोष्टीशी जाऊन मिळतं: हा मासा अंगात ऊब धरून ठेवतो.

बहुतेक माशांचं अंग भोवतीच्या पाण्याइतकंच थंड असतं. रक्त कल्ल्यांतून जाताना पाण्याला टेकतं आणि शरीराने कमावलेली सगळी उष्णता तिथेच सोडून देतं. ब्लूफिनमध्ये पोहण्याचे तांबडे स्नायू कण्याजवळ, खोल आत असतात. तिकडे रक्त नेणाऱ्या आणि तिकडून परत आणणाऱ्या बारीक वाहिन्या एकमेकींना चिकटून उलट दिशेने धावतात. परतणारं गरम रक्त आपली ऊब येणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं, त्यामुळे उष्णता कल्ल्यांपर्यंत पोचतच नाही. अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या फ्रँक केरी आणि जॉन टील यांनी १९६६ साली टूनाच्या स्नायूंतली ही ऊब मोजून प्रसिद्ध केली. मोठ्या ब्लूफिनचे स्नायू पाण्यापेक्षा २० अंश सेल्सिअसपर्यंत गरम असू शकतात. हृदयाला मात्र ही सवलत नाही. ते पाण्याइतकंच थंड राहून काम करतं.

आपल्याकडचे गेदर आणि कुपा याच कुळातले. ऊब राखायची सोय त्यांच्यातही आहे, पण कोकणचं पाणी मुळातच कोमट, तिथे तिचं अप्रूप कुणाला वाटणार! तिचा खरा उपयोग दिसतो तो अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, गल्फ ऑफ मेनमध्ये. भर उन्हाळ्यात तिथे वरचं पाणी १५ ते २० अंशांवर जातं, पण शंभर-दीडशे फूट खाली ते एक अंकी असतं. या थंड पाण्यात हेरिंग, अटलांटिक बांगडा, मेनहेडन आणि सँड ईल यांचे थवेच्या थवे असतात. मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारा मासा चरायला इतक्या उत्तरेला येऊ शकतो, कारण येताना तो आपली ऊब बरोबर घेऊन येतो.

चार्टरसाठी मी ग्लॉस्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. बॉस्टनच्या उत्तरेला, केप ॲनवरचं हे बंदर. १६२३ पासून इथे मासेमारी चालते. समोर दक्षिणेला केप कॉडच्या टोकापर्यंत पसरलेला स्टेलवॅगन बँक हा पाण्याखालचा वाळूचा उंचवटा आहे, उत्तरेला जेफ्रीज लेज. भरती-ओहोटीचा प्रवाह या उंचवट्यांवर आदळून वर चढतो, बरोबर खालचं पोषण वर आणतो, त्यामागे बारीक मासे आणि त्यांच्यामागे टूना. म्हणूनच व्हेल बघायला नेणाऱ्या बोटी आणि टूनाच्या बोटी एकाच पाण्यात दिसतात. बॉस्टन परिसरात मराठी घरं बरीच आहेत. आई-बाबा उन्हाळ्यात आले की व्हेल दाखवायला नेण्याचा रिवाज आहे, आणि तिथूनच काहींना टूनाच्या चार्टरचं डोक्यात येतं. हंगाम साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबरचे मासे चरून जाड झालेले असतात, पण वाराही तेव्हाच वाढतो.

बोट ठरवण्याआधी कॅप्टनला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते न विचारल्यामुळे धक्क्यावर भांडणं होतात. पहिला प्रश्न: मासा मिळाला तर तो कुणाचा? अमेरिकेत टूना धरणाऱ्या चार्टर बोटीला केंद्र सरकारच्या मत्स्यविभागाचा, म्हणजे नोआचा, परवाना लागतो. त्यावर विक्रीची जोड असेल, तर बोट ७३ इंच किंवा त्याहून लांब ब्लूफिन परवानाधारक व्यापाऱ्याला विकू शकते. ७३ इंची मासा सहज शंभर किलोंच्या वर भरतो. त्या दिवशी ठेवलेला पहिला ब्लूफिन कोणत्या आकाराचा, यावरून बोटीचा अख्खा दिवस हौशी की धंद्याचा हे ठरतं आणि मग ते बदलता येत नाही. धंद्याचा दिवस ठरला तर मासा सहसा बोटीचा आणि तुमच्या वाट्याला फोटो. हौशी दिवस असेल तर मासा तुमचा, पण त्याचा एक तुकडाही विकता येत नाही, ओळखीच्या हॉटेलवाल्यालासुद्धा. हौशी मर्यादा, म्हणजे किती मासे आणि किती लांबीचे, हंगामाच्या मध्यातही बदलतात. कोटा भरला की मासेमारी बंद होते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीचे नियम बघायचे, गेल्या वर्षीचे नव्हेत.

दुसरा प्रश्न: पद्धत कोणती? जिवंत चारा लावून नांगरावर बसणार, रंगीत रबरी स्क्विडच्या माळा ओढत फिरणार, की हातातल्या स्पिनिंग रॉडने माशांवर फेकणार? तिन्हींची मजा वेगळी आणि अंगमेहनतही वेगळी. तिसरा: हवा बिघडली तर पैशाचं काय? बहुतेक लहान चार्टर बोटींवर कॅप्टनच्या लायसन्सनुसार पैसे देणारे प्रवासी जास्तीत जास्त सहा. दिवसाचं भाडं दीड-दोन हजार डॉलरांच्या घरात किंवा वर जातं, शिवाय मेटला टिप. मेट म्हणजे डेकवरचा खलाशी. खरं काम तोच करतो, तेव्हा टिप देताना हात आखडू नये.

निघायची वेळ पहाटे तीन-चारची. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी तासभर एक. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीबरोबर बाहेर येते. कानामागे लावायची स्कोपोलमीनची पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते आणि ती किमान चार तास आधी लावावी लागते. केबिनमध्ये जाऊन फोन बघणं हा बोट लागण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग. कपडे थरांचे हवेत, कारण जुलैतही पहाटेचा वारा बोचतो. बूट पांढऱ्या तळाचे, डेकवर काळे डाग न पाडणारे. आणि केळी नेऊ नका. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, ही समजूत तिकडे इतकी घट्ट आहे की काही कॅप्टन पिशवी तपासतात. प्रवासाला निघताना डझनभर केळी घेणाऱ्या आपल्या लोकांना हे आधी सांगितलेलं बरं.

पहिला तास-दीड तास टूनाचा नसतोच. तो चाऱ्याचा असतो. सबिकी नावाची, बारीक पिसं लावलेल्या पाच-सहा छोट्या गळांची माळ खाली सोडून बांगडे धरायचे आणि वाहत्या पाण्याच्या गोल टाकीत ठेवायचे. गोल अशासाठी, की बांगडा न थांबता पोहतो आणि चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात नाक आपटून घेतो. टाकीत गर्दी झाली की प्राणवायू संपतो आणि तासाभरात निम्मे बांगडे आडवे होतात. नवशिक्यांना वाटतं, चारा जितका जास्त तितका चांगला. पण हाताने न कुरवाळलेले, खवले शाबूत असलेले वीस बांगडे दमलेल्या साठांपेक्षा उजवे.

गळ वर्तुळाकार, ज्याचं टोक आत वळलेलं असतं. तो बांगड्याच्या अंगात थेट खुपसत नाहीत. जाड सुईने बांगड्याच्या नाकातून किंवा पाठीच्या पराच्या पुढून दोरा ओवून गळ त्या दोऱ्याला बांधतात, म्हणजे बांगडा बराच वेळ जिवंत राहतो आणि गळाचं तोंड उघडं राहतं. लीडर, म्हणजे गळाला जोडलेला दोराचा शेवटचा तुकडा, फ्लुओरोकार्बनचा, १३० ते २२० पौंडांचा. पाणी स्वच्छ आणि मासे बुजरे असतील तर पातळ, रात्री किंवा गढूळ पाण्यात जाड. एक दोर फुग्याखाली वीस फुटांवर, दुसरा शिसं रबरबँडने अडकवून साठ फुटांवर, तिसरा शंभरावर. फिश फाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, ठसे ज्या खोलीवर दिसतील तिथे बाकीचे हलवायचे. वारा असेल तर एक दोर पतंगावरून सोडतात. मग बांगडा पृष्ठभागावर तडफडत राहतो आणि लीडर पाण्याबाहेर राहिल्याने टूनाला दिसतच नाही. ही युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते, पण वारा पडला की पतंगही पडतो आणि ओल्या पतंगाचा गुंता सोडवण्यात अर्धा तास जातो.

चारा वारंवार खाल्ला जातो आणि गळाला काहीच लागत नाही, तेव्हा संशय काटेरी मुशीवर घ्यावा. मुश्या आल्या की खालचे दोर वर घ्यायचे किंवा जागा सोडायची. हट्टाने बसलं की चारा संपतो. लॉबस्टरच्या सापळ्यांचे उभे दोर हा दुसरा शत्रू. नांगर टाकण्याआधी आजूबाजूची तरंगती बोयी मोजून ठेवावीत, कारण पळणारा मासा तुमचा दोर नेमका त्यांच्याभोवती गुंडाळतो.

मासा लागतो तेव्हा रीळ ओरडायला लागतं. या वेळी रॉड जोरात मागे ओढायची सवय असलेला माणूस मासा घालवतो. वर्तुळाकार गळ झटक्याने तोंडातून निसटतो. सावकाश ताण येऊ दिला, तर तो सरकत जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. फक्त रीळ फिरवत राहायचं. तोवर मेटने नांगराचा दोर मोठ्या बोयासकट पाण्यात सोडून दिलेला असतो. नांगर उचलायला वेळ नसतो, तो नंतर येऊन घ्यायचा. बाकीचे दोर गुंडाळून डेक मोकळं करायचं. डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात कुणाचा पाय नाही ना, हे बघणं या क्षणी माशापेक्षा महत्त्वाचं.

आता ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. पुन्हा उष्णतेचीच गोष्ट. १३० पौंडी वर्गाच्या रिळावर सुरुवातीचा ताण ३५ ते ४० पौंडांचा ठेवतात, दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका, आणि तो अंदाजाने न ठेवता ताणकाट्याने मोजतात. ४० पौंडांच्या ताणावर माशाने पहिल्याच धावेत ३०० मीटर दोर नेला, तर त्या ब्रेकमध्ये अर्धा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापेल एवढी उष्णता तयार होते, तीही मिनिटाच्या आत. जुन्या, कोरड्या पडलेल्या वॉशरी, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, इथे चिकटतात, ताण धक्क्याधक्क्याने सुटतो आणि दोर तुटतो. त्यातच दुसरी मेख आहे. दोर कमी होत जातो तसा रिळावरचा घेर लहान होतो, आणि घेर निम्मा झाला की ब्रेकला हात न लावताही ताण दुप्पट होतो. त्यावर पाण्यात पसरलेल्या दोराला होणारा विरोध वेगळाच. म्हणजे रीळ रिकामं होताना घाबरून ब्रेक आवळणं ही नेमकी उलटी कृती. अशा वेळी ब्रेक थोडा सैल करून कॅप्टनला बोट माशामागे न्यायला सांगायचं. स्पिनिंग रिळावर, ८० पौंडांच्या विणलेल्या दोरावर २० ते २५ पौंड ताण पुष्कळ झाला. त्याहून जास्त ताण माणसाच्या कमरेलाच पेलत नाही.

अजस्र माशाच्या बाबतीत रॉड बोटीच्या काठावरच्या फिरत्या खोबणीत राहतो आणि माणूस फक्त रीळ फिरवतो. याला काही लोक नाक मुरडतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दुसऱ्या कुणी रॉडला हात लावला तर विक्रम बाद, हे खरं. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा स्कोशातल्या ऑल्ड्स कोव्हला केन फ्रेझर यांनी धरलेला ६७९ किलोंचा मासा अजून पहिला आहे. पण ज्याला विक्रम नोंदवायचा नाही, त्याने एकट्याने दोन-तीन तास झगडण्यात काही शौर्य नाही. सहा जणांनी आळीपाळीने, न थांबता फिरवलं तर लढत लवकर संपते, आणि ती लवकर संपणं माशाच्या दृष्टीने आणि ताटाच्या दृष्टीनेही हिताचं. गमावलेल्या माशांमागे बरेचदा विसावा असतो. माणूस दम खायला थांबतो, मासाही दम खातो, आणि मासा लवकर सावरतो.

शेवटी मासा बोटीखाली गोल फिरू लागतो. प्रत्येक फेरीत तो बोटीकडे तोंड करतो तेवढ्यात काही फूट दोर मिळतो. बोट हळू पुढे ठेवून त्याला एकाच बाजूला राखणं हे कॅप्टनचं काम. दोर तळाला किंवा पंख्याला घासला की संपलं. लीडर हाती आल्यावर तो धरणं पाहुण्याचं काम नाही. मेट हातमोजे घालून तळव्यावर असे वेढे घेतो की मासा उसळला तर ते आपोआप सुटतील. चुकीचा वेढा हाताचं बोट तोडतो किंवा माणसाला पाण्यात नेतो. मासा ठेवायचा असेल, आणि तो मापात आहे याची खात्री असेल, तरच हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला. माप वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, अंगाच्या वळणावरून टेप नेऊन घेतात. पोटात बसलेला हार्पून सर्वात महाग मांस फाडतो, म्हणून नेम डोक्यामागे.

इथून पुढचा अर्धा तास हाच ट्रिपचा कळीचा भाग, आणि जाहिरातीत नेमका हाच दिसत नाही. झुंजलेल्या ब्लूफिनचे स्नायू भट्टीसारखे तापलेले असतात आणि आत आम्ल साठलेलं असतं. दोन्ही मिळून मांस आतून शिजल्यासारखं होतं: फिकट, पाणचट, आंबूस. जपानी व्यापारी त्याला ‘याके’ म्हणतात, जळकं. ते टाळायला क्रम ठरलेला आहे. शेपटीला दोर. बाजूचा पर अंगाला टेकतो त्या खाचेत, पराच्या मुळापासून तीन बोटं मागे, दोनेक सेंटिमीटर खोल काप, दोन्ही बाजूंना. मग कल्ल्यांत काप. हृदय चालू असेपर्यंतच रक्त नीट निघतं. दोन डोळ्यांच्या मध्ये थोडा वर मऊ भाग असतो, तिथून मेंदूत टोचा. मग कण्याच्या पोकळीतून लांब तार, म्हणजे स्नायूंची थरथर थांबते आणि उष्णता तयार होणं बंद होतं. कल्ले आणि आतडी काढायची. मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा काल्यात बुडवायचं. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूनेच गार होतो, मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. मोठ्या माशाचा कण्याजवळचा भाग गार व्हायला चोवीस तासही पुरत नाहीत. तेव्हा बोटीवर बर्फ किती घेणार, हा कॅप्टनला विचारायचा चौथा प्रश्न.

हा मासा सोन्याच्या भावाचा झाला तोही गारव्यामुळेच. १९७० च्या आसपास या किनाऱ्यावर अजस्र ब्लूफिनचं मांस कवडीमोल होतं. फोटो काढून झाला की तो मांजरांच्या खाद्याला तरी जाई, नाहीतर फेकला जाई. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सने कॅनडातले ब्लूफिन थंड ठेवून विमानाने टोकियोच्या बाजारात नेले आणि चित्र पालटलं. २०१९ च्या पहिल्या लिलावात टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोंच्या माशाला ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले, त्याचे आकडे लोक अजून सांगतात. पण तो पॅसिफिकमधला भाऊबंद, आणि ती किंमत नववर्षाच्या जाहिरातबाजीची. ग्लॉस्टरच्या धक्क्यावर व्यापारी पोकळ सळीने गाभ्याचा नमुना काढतो, शेपटीचा काप बघतो, रंग आणि चरबी पारखतो आणि बऱ्याचदा नाक मुरडतो. त्या मागणीने मासा जवळजवळ संपवला होता. नंतरच्या कोट्यांनी तो सावरला आणि २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अटलांटिक ब्लूफिनला धोक्याच्या वर्गातून बाहेर काढलं. नियम किचकट वाटतात, पण त्यांच्याशिवाय आज चार्टरचा धंदाच नसता.

सोडायचा मासा असेल तर त्याला डेकवर घेऊ नये. नियमही तेच सांगतो. ब्लूफिन तोंड उघडं ठेवून पोहतो म्हणूनच श्वास घेतो. थांबला की गुदमरला. दमलेला मासा नुसता सोडून दिला तर तो तळाला जाऊन मरू शकतो. त्याच्या खालच्या जबड्याला आकडा लावून, डोकं पुढे ठेवून, बोट दीड-दोन नॉटने चालवत त्याला बाजूने न्यायचं, शेपटीचा जोर परत येईपर्यंत. पाच मिनिटं लागतील, कधी पंधरा. फेकायच्या आमिषावरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावले तर हे काम निम्म्याने सोपं होतं.

ठेवलेल्या किंवा मेलेल्या प्रत्येक ब्लूफिनची नोंद चोवीस तासांत बोटीकडून जायला हवी. समुद्रात त्याचे तुकडे करता येत नाहीत. धक्क्यावर उतरवेपर्यंत एक बाजूचा पर आणि शेपटी अंगालाच हवी. तुमच्या वाट्याचे तुकडे तिथेच कापून मिळतात, आणि गाडीत बर्फाची पेटी नसेल तर दिवसभराची मेहनत घरी पोचेपर्यंत वाया जाते. तुकडे प्लास्टिकमध्ये बंद करून बर्फाखाली ठेवा, वितळलेलं पाणी काढत राहा, मांस थेट पाण्यात भिजू देऊ नका. टूना ऊबेत राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून, उकळून, आंबट-तिखट कालवणात टाकूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं असं झालं तर माशाची ॲलर्जी समजून गप्प बसू नका. उरलेलं मांस टाकून द्या, आणि मासा किती वेळ बर्फाबाहेर होता ते डॉक्टरांना सांगा.